कॅसेट रिवाइंड करून परत करावी

लायब्ररी म्हटलं की आज पुस्तकंच डोळ्यांपुढे येतात. पण १९८५ ते २००० च्या दरम्यान तुम्ही महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी एस.टी.तून उतरून 'इथं लायब्ररी कुठे आहे हो?' असं विचारलं असतंत, तर समोरच्यानं आधी तुमच्याकडे नीट पाहून घेतलं असतं आणि मग विचारलं असतं, 'पुस्तकांची की कॅसेटची?' व्हिडिओ कॅसेट भाड्यानं देणाऱ्या दुकानाला आपल्याकडे कुणी दुकान म्हटलंच नाही. पाटीवर 'व्हिडिओ लायब्ररी' असंच असायचं, आणि आमच्या चिपळूणच्या मोहल्ल्यात तर नुसतं 'लायब्री'.

हा शब्द उगाच आलेला नव्हता. आपल्याकडे पुस्तकं-मासिकं घरी नेऊन वाचण्याची सवय जुनी. अनामत ठेवायची, महिन्याची वर्गणी भरायची, एक कादंबरी आणि एक मासिक घरी न्यायचं, उशीर झाला तर दंड. दिवाळीत अंकांची वेगळी योजना. कॅसेटच्या धंद्यानं ही सगळी घडी जशीच्या तशी उचलली. मुंबईची 'शेमारू' ही आज सिनेमाच्या धंद्यातली मोठी कंपनी आहे. तिची सुरुवात १९६२ साली पुस्तकं घरी वाचायला देणाऱ्या लायब्ररीनं झाली होती, आणि १९७९ मध्ये तिनंच व्हिडिओ कॅसेट भाड्यानं द्यायला सुरुवात केली. म्हणजे एकाच फळीवर आधी कादंबऱ्या होत्या, मग सिनेमे आले. रजिस्टर बहुधा तेच राहिलं असेल.

आता ही कॅसेट म्हणजे काय, ते ज्यांचा जन्म १९९५ नंतरचा आहे त्यांना सांगायला हवं. रेडिओवरून बोलतोय, त्यामुळे हातात धरून दाखवता येत नाही. जाडजूड पुस्तकाएवढी काळी प्लास्टिकची पेटी. तिच्या आत दोन चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली अर्धा इंच रुंदीची फीत. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ही फीत सुमारे अडीचशे मीटर लांब असायची. फितीवर लोहचुंबकी भुकटीचा लेप असतो आणि चित्र त्या लेपात साठवलेलं असतं. फीत डोळ्यांसमोर धरली तर काहीही दिसत नाही, नुसता तपकिरी-काळा पट्टा. सिनेमाच्या रिळावर निदान छोटी छोटी चित्रं तरी दिसतात, इथं तेही नाही. मशीनच्या आत एक चकचकीत ढोल असतो, तो जरा तिरका बसवलेला असतो आणि सेकंदाला पंचवीस वेळा फिरतो. फीत त्याला वेढा घालून हळूहळू पुढे सरकते आणि ढोलाच्या कडेला बसवलेली बारीक हेडं फितीवरच्या तिरक्या रेघा एकामागून एक वाचत जातात. या हेडांवर धुळीचा कण बसला की पडद्यावर मुंग्या आल्याच. आमच्या लायब्ररीतला पोरगा अशा वेळी खिशातून करकरीत नवी नोट काढायचा, तिच्यावर थेंबभर स्पिरिट टाकायचा आणि ती ढोलाला अलगद टेकवून ढोल बोटानं फिरवायचा. मुंग्या गेल्या की नोट वाळवून परत खिशात.

जपानच्या सोनी कंपनीनं १९७५ मध्ये बीटामॅक्स काढलं आणि १९७६ मध्ये जेव्हीसी कंपनीनं व्हीएचएस. सुरुवातीच्या बीटा कॅसेटमध्ये तासाभराचंच चित्रण मावायचं, व्हीएचएसमध्ये दोन तासांचं. पुढे व्हीएचएसची तीन तासांची कॅसेट आली आणि आपल्यापुरता निकाल लागला असं मला वाटतं. आपला हिंदी सिनेमा गाण्यांसकट पावणेतीन तासांचा. तो त्या पेटीत बेताचा बसायचा, नाव पडण्यापासून 'समाप्त'पर्यंत.

१९८२ साली दिल्लीत एशियाड भरलं, दूरदर्शन रंगीत झालं आणि मध्यमवर्गीय घरांत रंगीत टीव्ही यायला लागला. मोठ्या शहरांत व्हीसीआर याच वाटेनं शिरला. कोकणात मात्र वाट वेगळी होती. आमच्याकडे रंगीत टीव्हीच्याही आधी आखात आलं होतं. रत्नागिरी आणि रायगडच्या मुसलमान मोहल्ल्यांतून कुवेत, बहारीन, दुबई, सौदीला गेलेला एकतरी माणूस घरटी होताच, आणि तो दोन वर्षांनी सुट्टीवर आला की सामानात काय आणतो यावर महिनाभर आधीपासून चर्चा चालायची. माझे मामू कुवेतहून १९८४ मध्ये आले ते नॅशनलचा व्हीसीआर घेऊन. खोक्यावरची अरबी अक्षरं वाचायला शेजारची पोरं जमली. आमच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हताच. व्हीसीआर महिनाभर कपाटावर चादर पांघरून बसला होता, मग अब्बांनी हप्त्यानं टीव्ही घेतला.

लायब्ररी मोहल्ल्याच्या तोंडाशी होती. दहा बाय दहाचा गाळा. तिन्ही भिंतींना लाकडी फळ्या, फळ्यांवर कॅसेटी उभ्या, प्रत्येकीच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी. काउंटरवर दोनशे पानी वही असायची, तिला 'कॅटलॉग' म्हणायचे. त्यात हिंदी सिनेमे, मराठी सिनेमे, आणि मग खास विभाग: 'इंग्लिश मारामारी', 'भुताचे', 'कुस्ती', 'धार्मिक', 'पाकिस्तानी नाटक'. 'पुराना मंदिर' हा १९८४ चा रामसे बंधूंचा सिनेमा 'भुताचे' आणि 'हिंदी' अशा दोन्ही पानांवर होता. अनामत दोनशे रुपये, कॅसेटचं भाडं दिवसाला दहा, आणि भिंतीवर लाल रंगात सूचना: 'कॅसेट रिवाइंड करून परत करावी, अन्यथा दोन रुपये दंड.' फीत उलटी गुंडाळून सुरुवातीला आणायची, एवढाच त्याचा अर्थ. पण हा शब्द आमच्या मोहल्ल्यात इतका रुजला की जुनं भांडण उकरून काढणाऱ्या माणसालाही लोक 'रिवाइंड करू नको' म्हणायचे.

ज्यांच्याकडे मशीन नव्हतं त्यांच्यासाठी रात्रीचा सौदा होता. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, संध्याकाळी सात ते सकाळी सात. हळदीची रात्र, बारशाची रात्र, गणपतीतलं जागरण, ईदचा दुसरा दिवस, अशा वेळी वर्गणी काढून हे सामान आणायचे. लायब्ररीचा पोरगा व्हीसीआर टॉवेलात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधायचा आणि टीव्हीसाठी हातगाडी करायचा. अंगणात टेबल, टेबलावर टीव्ही, समोर चटया. पहिला सिनेमा वडीलधाऱ्यांच्या पसंतीचा. तो संपेपर्यंत म्हातारी मंडळी आणि लहान पोरं झोपलेली. दुसरा बायकांचा. तिसरा पहाटे दोनला सुरू होणारा, तो मारामारीचा, आणि त्याला जागे असायचे चार-पाच पोरगे आणि एखादं कुत्रं. पैसे वसूल व्हायला हवेत म्हणून तिसरा सिनेमा पाहायचाच, मग सकाळी कॉलेजात डुलक्या खाल्ल्या तरी चालतील.

पण मला आज ज्या गोष्टीविषयी मुख्यतः बोलायचं आहे ती या धमालीत नाही. ती चिठ्ठीत आहे.

माझी अम्मी लग्नानंतर थिएटरात गेली नव्हती. तशी सक्त मनाई वगैरे कुणी केलेली नव्हती. पण थिएटर बाजारात, रात्रीचा खेळ साडेनऊला सुटणार, सोबत घरचा पुरुष हवा, पुरुषाला दुकानातून सवड हवी, शिवाय म्हाताऱ्या सासूला घरात एकटं कसं सोडायचं, अशी एकेक अडचण निघायची आणि बेत बारगळायचा. हे फक्त आमच्या मोहल्ल्यात होतं असंही समजू नका. पलीकडच्या आळीतल्या काकू, ज्यांच्याकडे मी गणिताला जायचो, त्यांनीही दहा वर्षांत दोनच सिनेमे पाहिले होते, आणि दोन्ही नवऱ्यानं ठरवलेले. बायका सिनेमाला जात नव्हत्या असं नाही, त्यांना नेलं जात होतं. कुठला सिनेमा, ते नेणारा ठरवायचा.

लायब्ररीनं ही गोष्ट बदलली. अम्मी मला कागदाची चिठ्ठी द्यायची. तिला उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता यायचं, दुकानदारासाठी ती मराठीत लिहायची. सुरुवातीला त्यावर तिनं लहानपणी ऐकलेली नावं असायची, 'मुघल-ए-आझम', 'पाकिजा'. मग शेजारच्या खालांकडून ऐकलेली. मग हळूहळू चिठ्ठीची भाषा बदलली. 'मागच्यासारखं रडकं नको.' 'शेवटी हिरोईन मरत असेल तर देऊ नये.' 'गाणी चांगली असावीत, मारामारी कमी.' एकदा तर नुसतं, 'कालचा परत द्या.' दुकानदार चिठ्ठी वाचायचा, जरा वेळ फळ्यांकडे पाहायचा आणि कॅसेट काढायचा. त्यानं अम्मीला कधी पाहिलेलं नव्हतं. पण तिला काय आवडतं ते त्याला अब्बांपेक्षा जास्त ठाऊक होतं, असं म्हटलं तर अब्बांना राग येणार नाही. मोहल्ल्यातल्या आणि आळीतल्या पन्नास-साठ बायकांच्या आवडी तो अशा डोक्यात घेऊन बसलेला असायचा.

घरात सिनेमा पाहण्याची रीतही थिएटरपेक्षा निराळी झाली. अजान झाली की 'पॉज'चं बटण दाबायचं. पडद्यावर नायिका हात वर करून थरथरत उभी, अंगावर पांढरा पट्टा, आणि इकडे बायका नमाजला. फीत एकाच जागी घासली जाऊ नये म्हणून पाचेक मिनिटांनी मशीन आपोआप बंद व्हायचं, मग परत आल्यावर थोडं मागे नेऊन सुरू करायचं. नळाला पाणी आलं की पॉज. दूध उतू गेलं की पॉज. आणि एखादा संवाद आवडला तर मागे घेऊन पुन्हा, पुन्हा. थिएटरात सिनेमा तुमच्यासाठी थांबत नाही. इथं तो अम्मीच्या बोटावर थांबत होता.

याचा पुरावा फितीवर उमटायचा. व्हिडिओची फीत हेडाला घासून चालते, त्यामुळे जो भाग वारंवार मागे-पुढे होतो तिथला लेप झिजतो आणि तिथं पांढऱ्या रेघा, ठिपके दिसायला लागतात. दुकानदार सांगायचा, मारामारीच्या कॅसेटी सगळीकडून सारख्या झिजतात, बाकीच्या गाण्यांवर झिजतात. 'निकाह' मात्र शेवटी झिजली होती. बी. आर. चोप्रांचा हा १९८२ चा सिनेमा. त्यात शेवटी सलमा आगानं केलेली निलोफर दोन्ही नवऱ्यांसमोर उभी राहून विचारते की माझ्याविषयीचे निर्णय तुम्ही दोघे आपसात कसे काय घेता. आमच्या लायब्ररीतल्या कॅसेटमध्ये ती बोलायला लागली की तिच्या तोंडावरून बर्फ पडत असल्यासारखं दिसायचं. इतक्या घरांत ते बोलणं इतक्या वेळा मागे घेऊन ऐकलं गेलं होतं. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' आला, त्याच्या कॅसेटचंही तेच झालं, फक्त तिथं झीज रडण्याच्या जागांवर होती. त्या कॅसेटसाठी मोहल्ला आणि आळी दोन्हीकडून नंबर लावलेले असायचे, आणि रजिस्टरात एकाखाली एक नावं वाचताना मजा वाटायची, कारण ही नावं एरवी गावात कुठल्याच यादीत अशी शेजारी येत नसत.

कॅसेट चांगली की वाईट हे 'प्रिंट'वरून ठरायचं. थिएटरात कॅमेरा लपवून काढलेली ती 'कॅमेरा प्रिंट', तिच्यात पुढच्या रांगेतल्या माणसाचं डोकं आणि खोकला दोन्ही मोफत. मूळ कॅसेटवरून काढलेली नक्कल बरी, नकलेवरून काढलेली नक्कल तिच्याहून फिकी, आणि चौथ्या-पाचव्या नकलेत नायिकेच्या साडीचा लाल रंग चेहऱ्यावर पसरलेला. आजच्या मोबाइलवरच्या फाइलीची हजारावी नक्कलही मुळासारखीच असते. फितीचं तसं नव्हतं, प्रत्येक नकलेत काही गळायचंच. सिनेमांचे परदेशातले व्हिडिओ हक्क आखातात, इंग्लंडात आधी विकले जायचे, आणि तिथल्या कॅसेटी परत फिरून आपल्याकडे यायच्या. म्हणून ऐन भावनेच्या प्रसंगी पडद्याच्या तळाशी तिकडच्या दुकानांच्या जाहिराती सरकत असायच्या. आमच्या मोहल्ल्याला त्यांचं भारी कौतुक. कुणाचा तरी भाऊ त्याच रस्त्यावर राहतोय, असं कुणीतरी हमखास म्हणायचं.

यात कायद्याची बाजू होतीच, ती थोडक्यात सांगतो. १९८४ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त करून त्यात व्हिडिओ फिल्मचा स्पष्ट उल्लेख आला, शिक्षा वाढल्या आणि कॅसेटवर सेन्सॉर प्रमाणपत्र व हक्कदाराचं नाव देणं बंधनकारक झालं. १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गरवारे कंपनीच्या खटल्यात म्हटलं की केबलवाल्यानं व्हिडिओवरून सिनेमा लावून घरोघरी दाखवणं हे लोकांपर्यंत पोचवणंच आहे, त्याला हक्कदाराची परवानगी लागते. १९९४ च्या दुरुस्तीनं तर सिनेमाची प्रत भाड्यानं देण्याचा हक्कही निर्मात्याकडे राहतो असं स्पष्ट केलं, ती प्रत आधी विकली गेलेली असली तरीही. पुस्तकाचं तसं नाही. विकत घेतलेलं पुस्तक लायब्ररी हजार वेळा देऊ शकते. त्यामुळे नाव जरी लायब्ररी असलं तरी कायद्याच्या नजरेत दोन लायब्रऱ्यांत हा मोठा फरक पडला. एका डीव्हीडी लायब्ररीला २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं याच मुद्द्यावर मनाई केली. निर्मात्यांचं नुकसान खरं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'च्या निर्मात्यांनी कॅसेट बाजारात आणायला मुद्दाम उशीर केला आणि लोक पुन्हा थिएटरात गेले. अम्मीसुद्धा गेली, सगळ्या खालांना घेऊन. मला विचाराल तर दहा वर्षांच्या चिठ्ठ्यांनी तिला ती हिंमत दिली होती, पण हा मुलाचा अंदाज आहे.

'पाकिस्तानी नाटक' या विभागाविषयी दोन शब्द. 'तन्हाइयाँ', 'धूप किनारे' या पाकिस्तान टेलिव्हिजनच्या मालिका आणि उमर शरीफ यांचं 'बकरा किस्तों पे' हे रंगमंचावरचं विनोदी नाटक, यांच्या कॅसेटी भारतभर फिरल्या. ती काही आमच्या समाजाची खासियत नव्हती. आमच्या कॉलेजातले मराठीचे एक प्राध्यापक 'धूप किनारे'चे भाग लायब्ररीतून रांगेनं नेत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणत, 'संवाद कसे लिहावेत ते बघा, कुणी ओरडत नाही.' मी पुढे बी. ए. झालो, कविता लिहायला लागलो, मराठीत. हळू आवाजात बोलता येतं हे मला तिथंही समजलं.

आणि बातम्या. दूरदर्शन सरकारी आणि दुसरं काही नाही, अशा त्या काळात १९८८ मध्ये 'इंडिया टुडे'वाल्यांनी 'न्यूजट्रॅक' नावाचं व्हिडिओ मासिक काढलं. मासिक, पण कॅसेटवर. मंडल आयोगाविरुद्धचं आंदोलन, अयोध्या, हे त्या कॅसेटींनी जसं दाखवलं तसं दूरदर्शनवर दिसत नव्हतं. आमच्याकडे त्याला फार गिऱ्हाईक नव्हतं. पण ती कॅसेट यायची, मुंबईहून रातराणी एस.टी.नं, सिनेमांच्या गठ्ठ्यातच.

लायब्ररी आणि व्हिडिओ पार्लर यांत लोक गल्लत करतात. पार्लरमध्ये तुम्ही तिकीट काढून बाकावर बसता, ते छोटं थिएटरच. मालेगावचे नासिर शेख असं पार्लर चालवायचे. दोन मशीनं जोडून सिनेमाचे तुकडे कापायचे-जोडायचे कसे, हे ते तिथंच शिकले, आणि २००० साली गावातल्या मंडळींना घेऊन त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. फैजा अहमद खान यांनी त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरांत लागला. यंत्रमागाच्या गावात भाड्याच्या मशीनमधून सिनेमा निघाला. आमच्या चिपळुणात तसं काही निघालं नाही.

लायब्रऱ्या संपल्या त्या एका दिवसात नाही. बऱ्याच गावांत पहिला केबलवाला हा लायब्ररीवालाच होता. त्यानंच आपल्या दुकानात मशीन लावून वायरी टाकल्या आणि स्वतःच्या गिऱ्हाइकाला घरबसल्या सिनेमा दिला. १९९२ मध्ये झी टीव्ही आला. मग चकत्या आल्या, आधी व्हीसीडी, मग डीव्हीडी. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं अठ्ठावीस रुपयांना सिनेमाची व्हीसीडी विकायला काढल्यावर दहा रुपयांनी भाड्यानं कोण आणणार? आमची लायब्ररी मात्र तोवर टिकलीच नाही. २६ जुलै २००५ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं आणि त्या गाळ्याच्या चौथ्या फळीपर्यंत चढलं. पाणी उतरल्यावर दुकानदारानं कॅसेटी रस्त्यावर मांडल्या होत्या, चिखलानं भरलेल्या, झाकणं उघडून. भंगारवाला म्हणाला, पेट्या घेतो, फीत नको. मग फिती गुंडेच्या गुंडे आसपासच्या शेतकऱ्यांनी नेल्या. फीत शेतावर ताणून बांधली की वाऱ्यानं घूं घूं आवाज करते आणि उन्हात चमकते, पाखरं बिचकतात. तुम्ही हे पाहिलं असेल. त्या वर्षी आमच्याकडच्या भाताच्या शेतांवर ती सगळी कॅटलॉगची वही ताणलेली होती.

सिनेमांचं मला फारसं दुःख नाही. बहुतेक सिनेमे कुठे ना कुठे मिळतात. ज्यासाठी हा विषय मी आज मुद्दाम घेतला, त्या कॅसेटी वेगळ्या आहेत. लायब्ररीमुळे घरोघर व्हीसीआर आला, आणि त्या व्हीसीआरवर पाहायला म्हणून लग्नाचं शूटिंग करायची पद्धत पडली. साखरपुडे, बारशी, हजला जाणाऱ्यांचा निरोप, गावची जत्रा. तुमच्या माळ्यावर, कपाटाच्या वरच्या कप्प्यात अशी एखादी कॅसेट असेल. ती मरायला टेकली आहे. फितीवरची लोहाची भुकटी ज्या चिकट लेपानं धरून ठेवलेली असते तो दमट हवेत वर्षानुवर्षं पाणी शोषतो आणि सुटायला लागतो. कोकणात त्यावर पांढरी बुरशीही धरते. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि नवी मशीनं निघायची बंद झाली. युनेस्को आणि ध्वनिचित्र संग्रहालयांच्या जागतिक संघटनेनं २०१९ मध्येच इशारा दिला होता की फितीवरच्या ठेव्याची डिजिटल नक्कल करून घ्यायला फार वर्षं उरलेली नाहीत.

म्हणून काही साध्या गोष्टी. कॅसेटच्या काचेतून आत पाहा. फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती कुठल्याही मशीनमध्ये घालू नका. फीत तुटेलच, शिवाय बुरशी मशीनला लागून पुढच्या कॅसेटीही खराब होतील. कॅसेट आडवी न ठेवता पुस्तकासारखी उभी ठेवा, कोरड्या जागी. तिच्या पाठीच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची टिकली असते, ती अजून शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. मग मोठ्या शहरात ज्याच्याकडे चालू मशीन आणि साफ करण्याची समज आहे असा माणूस शोधा. आधी सिनेमाच्या नव्हे, माणसांच्या कॅसेटी द्या.

आमच्या घरी अशी एकच होती. १९८८ मध्ये आपाचं लग्न झालं, मामूंना कुवेतहून रजा मिळाली नाही, म्हणून शूटिंगची एक नक्कल त्यांना पाठवली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं. दीड लाखांहून जास्त भारतीय जॉर्डनमार्गे विमानांनी परत आले, त्यांत मामूही होते, एका पिशवीनिशी. कॅसेट तिकडेच राहिली. घरची प्रत माळ्यावर असल्यानं २००५ च्या पुरातून वाचली, २०२१ च्या पुरातूनही वाचली, पण कोकणचे इतके पावसाळे तिनं काढले होते. २०२२ मध्ये ती मी पुण्याला एका जाणकाराकडे दिली. तीन तासांपैकी एक तास दहा मिनिटं हाती लागली. आपाची पाठवणी गेली, जेवणावळ जशीच्या तशी आली, कारण शूटिंगवाल्यांना जेवणावळ फार आवडते.

दादीनं आयुष्यात फोटो काढू दिला नव्हता. कॅमेरा वळला की ती आत जायची. या कॅसेटमध्ये ती पडवीच्या दारात आहे, कॅमेरा आपल्याकडे आहे हे तिला कळलेलं नाही, ती कुणाला तरी पाण्याचा तांब्या आणायला सांगते आणि मग तिला कळतं. तेवढं बोलणं, पदर ओढणं आणि वळणं मिळून अकरा सेकंद. पुण्याच्या त्या गृहस्थांनी तो तुकडा वेगळा करून दिला. त्याच रात्री मी तो आपाला मुंब्र्याला पाठवला, मग मामूंच्या मुलांना कुवेतला. आपाचा फोन आला तो पहाटे. ती म्हणाली, तांब्या कुणाला मागितला होता ते ऐकू येतंय का तुला, मला सारखं मागे नेऊन ऐकलं तरी नाव लागत नाही.